ख्रिसमस पँटोमाइमचे नेपथ्य: उंची नसलेल्या रंगमंचावर दहा प्रवेश कसे बसवावेत?

प्रश्न (लेखिका: नवी नेपथ्यकार)

नमस्कार. मी इंग्लंडमधील एका लहान गावात राहते. येथील हौशी नाट्यमंडळाने यंदाच्या पँटोमाइमच्या (ख्रिसमसच्या सुमारास सहकुटुंब पाहिल्या जाणाऱ्या, गाण्या-विनोदांनी भरलेल्या येथील परीकथा-नाटकाच्या) नेपथ्याची जबाबदारी माझ्यावर सोपवली आहे. कथा ‘जॅक अँड द बीनस्टॉक’ची, म्हणजे जादूच्या वेलीवर चढून राक्षसाच्या किल्ल्यात जाणाऱ्या जॅकची आहे आणि प्रयोग जानेवारीत गावच्या सभागृहात होतील. मराठी प्रायोगिक नाटकांसाठी मी काही वर्षे नेपथ्य केले आहे; परंतु तेथे दोन-तीन लेव्हल (चौथरे), काळे पडदे आणि एखादी खिडकी एवढ्यावर संपूर्ण नाटक उभे राहत असे. येथे मात्र संहितेत दहा प्रवेश आणि आठ स्थळे आहेत. मध्यंतरापूर्वी गावचा चौक, रानवाट, डेमची (पुरुष नटाने साकारलेल्या विनोदी बाईची, येथे जॅकच्या आईची) दूधशाळा, पुन्हा रानवाट आणि शेवटी ते अंगण, जेथे रात्रीतून वेल आभाळाला भिडते. मध्यंतरानंतर ढगांचा प्रदेश, किल्ल्याच्या दाराबाहेरची जागा, राक्षसाचे स्वयंपाकघर, प्रेक्षकांकडून गाणे म्हणवून घेण्याचा प्रवेश आणि अखेरीस राजवाड्यातील लग्न.

रंगमंचाची दर्शनी रुंदी ६ मीटर, उंची ३ मीटर आणि खोली साडेचार मीटर आहे. दोन्ही बाजूंच्या विंगांत जेमतेम १.२ मीटर जागा मिळते, आणि छत दर्शनी चौकटीपेक्षा फक्त ४० सेंटिमीटर उंच असल्याने पडदा सरळ वर उचलून नाहीसा करणे अशक्य आहे. मी आठही स्थळांची रंगीत चित्रे काढली आणि ती मंडळात सर्वांना आवडली; पण प्रत्यक्ष हिशेब मांडला तेव्हा दर दोन प्रवेशांमध्ये दोन-तीन मिनिटांचा अंधार होतो आहे असे लक्षात आले. सभागृहात पाच-सहा वर्षांची मुले असणार. एवढा अंधार त्यांना सोसवणार नाही. मंडळातील एका सदस्याने सर्व पडदे रद्द करून प्रोजेक्टर वापरावा असे सुचवले आहे, आणि ते मला पटत नाही, पण त्याचे नीट उत्तरही देता येत नाही. शिवाय ३ मीटर उंचीच्या चौकटीत वेल आभाळापर्यंत गेली असे दाखवायचे कसे, हा प्रश्न आहेच. ज्यांनी येथील पँटोमाइमसाठी काम केले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (लेखक: विंगेतला माणूस)

तुमची चित्रे काही काळ बाजूला ठेवा आणि संहितेतील प्रवेशांचा क्रम एका कागदावर लिहा. मी येथील व्यावसायिक पँटोमाइमच्या रंगमंचावर बॅकस्टेजला अनेक हंगाम काढले आहेत, आणि माझ्या अनुभवानुसार या प्रकाराचे नेपथ्य चित्रापासून सुरू होत नाही. ते क्रमापासून सुरू होते. तुम्ही दिलेली यादी पाहा: चौक, दूधशाळा, अंगण, ढग, स्वयंपाकघर आणि राजवाडा हे सहा प्रवेश पूर्ण रंगमंच मागतात, तर दोन्ही रानवाटा, किल्ल्याचे दार आणि गाण्याचा प्रवेश हे चार प्रवेश रंगमंचाच्या पुढच्या पट्टीत होऊ शकतात. लेखकाने ते एकाआड एक ठेवले आहेत आणि हा योगायोग नाही. पुढच्या पट्टीतील प्रवेश ज्या रंगवलेल्या पडद्यापुढे होतो त्याला येथे फ्रंट क्लॉथ म्हणतात. त्याच्यापुढे डेम आणि तिचा मुलगा चार मिनिटे विनोद करतात, तेवढ्या वेळात पडद्यामागे दूधशाळा उचलून अंगण मांडले जाते. आपल्या जुन्या संगीत नाटकांत रस्त्याचा पडदा सोडून त्याच्यापुढे एखादा हलका प्रवेश करीत, तेव्हा मागे महाल लागत असे. युक्ती तीच आहे.

म्हणून साडेचार मीटर खोलीची वाटणी अशी करावी असे मला वाटते. दर्शनी पडद्यापासून दीड मीटरवर फ्रंट क्लॉथ, चार मीटरवर मागचा मुख्य पडदा, आणि त्याच्यामागे उरलेला अर्धा मीटर नटांना एका विंगेतून दुसऱ्या विंगेत जाण्यासाठी मोकळा. तो अर्धा मीटर कोणत्याही मोहाने व्यापू नका. पुढची दीड मीटरची पट्टी अरुंद वाटेल; पण त्यात दोन माणसांनी एका वेशात शिरून केलेली गाय वळली पाहिजे आणि डेमचा घेरदार झगा समोरून येणाऱ्याला न अडकता गेला पाहिजे. हौशी प्रयोगांत मी पाहिलेले बहुतेक अपघात या झग्याचे आहेत. विंगेच्या दोन फळ्यांमधील अंतर ठरवण्यापूर्वी वेशभूषाकाराकडून झग्याची आणि गाईची मापे लेखी घ्या.

उंची नसताना पडदा वर न्यायचा असेल तर गुंडाळीचा पडदा हाच उपाय आहे. पडद्याची वरची कडा आडव्या दांड्याला पक्की बांधतात आणि खालची कडा एका लांब नळीला. दोऱ्या ओढल्या की नळी स्वतःभोवती पडदा गुंडाळत खालून वर जाते. त्याला वर फक्त गुंडाळीच्या जाडीएवढी जागा लागते, आणि ती तुमच्या ४० सेंटिमीटरमध्ये एका झालरीआड (वरून लोंबणाऱ्या आडव्या कापडी पट्टीआड) सहज लपेल. नळी निवडताना मात्र कंजुषी करू नका, कारण ६ मीटर लांबीची बारीक नळी मधोमध झुकते आणि पडद्यावर कायमच्या तिरप्या सुरकुत्या पडतात. तुम्हाला असे दोनच पडदे लागतील: रानवाट आणि किल्ल्याचे दार. गाण्याचा प्रवेश रानवाटेपुढेच करा. त्या वेळी मुलांचे सगळे लक्ष गाण्याच्या शब्दांच्या फलकाकडे असते.

बाजूच्या फळ्यांसाठी प्रत्येक विंगेत दोन तिपाखी खांब करावेत असे मी सुचवतो. तीन बाजू असलेला, चाकांवर उभा असलेला आणि जागच्या जागी फिरणारा हा खांब प्राचीन ग्रीक रंगभूमीपासून ओळखीचा आहे, आणि कमी जागेत त्याला तोड नाही. प्रत्येक बाजू ९० सेंटिमीटर रुंद ठेवली तर तो तुमच्या विंगेत फिरेल. एका बाजूवर गाव, दुसरीवर ढग आणि तिसरीवर किल्ल्याचे दगड रंगवा. चौक, दूधशाळा आणि अंगण या तिन्हींना गावाची बाजू चालेल. चाकांना ब्रेक हवेतच, कारण नाचताना कोणीतरी खांबाला टेकणारच.

आता सर्वांत अवघड बदल: स्वयंपाकघरातून राजवाडा. शेवटच्या प्रवेशात सर्व पात्रे एकेक करून पायऱ्यांवरून खाली येतात आणि प्रेक्षकांना अभिवादन करतात, ही येथील अढळ प्रथा आहे. पायऱ्या नसतील तर प्रेक्षकांना शेवट अपुरा वाटतो. तुमच्या विंगेत पायऱ्या ठेवायला जागा नाही. म्हणून राक्षसाच्या चुलीचा ओटा असा बनवा की त्याची मागची बाजू म्हणजेच चार पायऱ्या असतील. गाण्याचा प्रवेश पुढे चालू असताना तो ओटा चाकांवर अर्धा फिरवायचा, खांब किल्ल्याच्या दगडांवरच ठेवायचे, त्यांच्यावर सोनेरी पताका सोडायच्या आणि प्रकाश उबदार करायचा. दोन माणसांनी तालमीत हा बदल घड्याळ लावून करून पाहावा. पुढच्या प्रवेशाला चार मिनिटे असतील तर बदल दोन मिनिटांत झालाच पाहिजे, कारण प्रयोगाच्या दिवशी विनोदाला हशा न मिळाल्यास नट घाई करतात.

उत्तर २ (लेखिका: जुने पडदे)

वरील उत्तराशी मी पूर्णपणे सहमत आहे. त्यात थोडा इतिहास जोडते, कारण प्रोजेक्टरच्या वादात तो तुम्हाला उपयोगी पडेल असे वाटते.

पुढच्या पट्टीतील त्या प्रवेशाला व्हिक्टोरियन काळात सुतारांचा प्रवेश म्हणत असत, कारण तो मागे काम करणाऱ्या सुतारांसाठी लिहिलेला असे. परंतु त्याच काळात दुसरीही एक परंपरा जोपासली गेली, आणि ती लपवण्याच्या अगदी उलट होती: दृश्य प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत बदलायचे. जुन्या पँटोमाइममध्ये हार्लेक्विन हे जादू करणारे पात्र हातातील लाकडी पट्टी नेपथ्यावर आपटत असे आणि त्या आवाजासरशी फळ्या उलटून घराचे दुसरेच काही होत असे. तो आवाज जादूचा होता आणि बॅकस्टेजच्या माणसांसाठी इशाराही होता. १८४९ मध्ये लंडनच्या लायसियम नाट्यगृहात विल्यम बेव्हर्ली या नेपथ्य-चित्रकाराने एका ख्रिसमस नाटकाच्या अखेरीस ताडाची पाने हळूहळू खाली झुकवून आतील पऱ्यांचा समूह उलगडून दाखवला. प्रेक्षक इतके भारावले की पुढे कित्येक दशके प्रत्येक पँटोमाइमला असे रूपांतराचे दृश्य असणे बंधनकारकच झाले. एकामागून एक झिरझिरीत पडदे वर जात, प्रकाश वाढत जाई आणि शेवटी सारा रंगमंच झळाळून उठे. ऑगस्टस हॅरिस यांनी १८७९ मध्ये ड्रुरी लेन नाट्यगृह हाती घेतल्यानंतर या भव्यतेने कळस गाठला.

मला सर्वाधिक मोलाची वाटणारी गोष्ट अशी की पँटोमाइमने नेपथ्य-चित्रकाराला नेहमीच मानाचे स्थान दिले. १७८५ मध्ये कॉव्हेंट गार्डन येथे झालेल्या ‘ओमाई’ या पँटोमाइमचे नेपथ्य फिलिप द लाउदरबर्ग या नामवंत चित्रकाराने केले होते, आणि त्यासाठी कॅप्टन कुक यांच्या सफरीवर गेलेल्या जॉन वेबर या चित्रकाराच्या रेखाटनांचा आधार घेतला होता. पुढे रॉयल अकॅडमीचे सदस्य झालेले क्लार्कसन स्टॅनफील्ड हे ड्रुरी लेनच्या पँटोमाइमसाठी सरकती निसर्गदृश्ये रंगवत. रंगवलेला पडदा या कलाप्रकाराच्या गाभ्यातील वस्तू आहे. प्रेक्षकांत बसलेल्या मुलाला ते चित्र आहे हे माहीत असते, आणि तरीही ते त्यावर विश्वास ठेवायला तयार होते. मला तरी पँटोमाइमचे सारे सुख याच करारात दिसते.

म्हणून तुमच्या आठ स्थळांपैकी निदान एक बदल तरी उघड्या रंगमंचावर करा. अंगणातील वेलीचा प्रवेश त्यासाठीच आहे.

उत्तर ३ (लेखक: दिवे आणि सावल्या)

मी प्रकाशयोजना करतो, त्यामुळे प्रोजेक्टरबद्दल आधी सांगतो. मोठी व्यावसायिक नाट्यगृहे आता प्रकाशमान पडदे सर्रास वापरतात आणि काही ठिकाणी ते सुंदरही दिसतात. तुमच्या सभागृहात मात्र समोरून प्रक्षेपण केल्यास चार मीटर खोलीत नाचणाऱ्या प्रत्येकाची सावली चित्रावर पडेल, आणि मागून प्रक्षेपण करायला लागणारे अंतर तुमच्याकडे नाही. शिवाय पँटोमाइमला भरपूर प्रकाश लागतो, कारण विनोदी नटाचा चेहरा शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ दिसला पाहिजे, आणि त्या प्रकाशात साध्या प्रोजेक्टरचे चित्र फिकट पडते. मंडळातील सदस्याला एकदा सर्व दिवे लावून हे प्रत्यक्ष दाखवा. वाद तिथेच मिटेल.

आता वेल. पाने शिवलेला एक मजबूत दोर अंगणातील बुटक्या भिंतीमागे पेटीत घडी करून ठेवा, झालरीमागे छताजवळ कप्पी बसवा आणि विंगेतून काळ्या बारीक दोरीने तो वर ओढा. हे तंत्र साधे आहे. प्रश्न उंचीचा आहे, आणि तो डोळ्यांना फसवून सोडवावा लागतो. खालची पाने ६० सेंटिमीटर लांब ठेवा आणि वर जाताना ती लहान करत शेंड्याला १० सेंटिमीटरपर्यंत आणा, खोडही वर निमुळते होऊ द्या, रंग वरच्या बाजूला निळसर आणि फिका करत न्या. मग ३ मीटरची वेल कितीतरी उंच गेल्यासारखी दिसते. दुसरी एक फांदी विंगेतून निघून दर्शनी चौकटीच्या वरच्या कडेवरून प्रेक्षकांकडे सरकू द्या. वेल चौकटीत मावत नाही असे दिसले की मुलांची कल्पना पुढचे काम करते. हे सगळे संगीताच्या साथीने तीस-चाळीस सेकंद चालावे. झटकन ओढलेली वेल म्हणजे वर गेलेला दोर, एवढेच दिसते.

एक गोष्ट फार काळजीपूर्वक पाळा: ओढलेल्या वेलीवर कोणीही चढता कामा नये. भिंतीमागे स्वतंत्र, जमिनीला पक्की केलेली शिडी ठेवा आणि जॅकने तिच्या तीन पायऱ्या चढाव्यात. पुढची चढण गॉझच्या पडद्याने दाखवता येईल. गॉझ म्हणजे तो जाळीदार पडदा, जो समोरून उजळला की भरीव दिसतो आणि समोरचा प्रकाश काढून मागची वस्तू उजळली की पारदर्शक होतो. तो मागच्या पडद्याच्या थोडा पुढे लावा, त्यावर रात्रीचे आकाश अगदी पातळ रंगाने रंगवा, कारण जाड रंगाने जाळीची छिद्रे बुजली की तो पडदा वाया गेला. त्याच्यामागे जॅकची पुठ्ठ्याची वीतभर आकृती दोरीने हळूहळू वर जाऊ द्या. समोरचे दिवे उंचावरून आणि बाजूने तिरपे मारा. सरळ मारलेला प्रकाश जाळीतून पार होतो आणि मागचे गुपित आधीच उघडे पडते. उलगडण्याच्या क्षणापर्यंत गॉझमागे एक काळा पडदा ठेवला तर अधिक चांगले.

राक्षसाच्या स्वयंपाकघरात तुमचे कमी छत उपयोगी पडेल. राक्षस माणसाच्या चौपट आहे असे धरा आणि हे प्रमाण एकदा ठरल्यावर कोठेही मोडू नका. २० सेंटिमीटरचा चमचा ८० सेंटिमीटरचा होतो, ३० सेंटिमीटर उंचीचा बूट १.२ मीटरचा होतो, आणि २ मीटरचे दार ८ मीटरचे होते. म्हणजे तुमच्या चौकटीत दाराचा फक्त खालचा भाग दिसेल, टेबलाचे पाय वर झालरीत नाहीसे होतील, आणि वरचे सारे मुले मनात पुरे करतील. राक्षस संपूर्ण दाखवण्याचा प्रयत्न करू नका. दाराच्या फटीत येणारे बूट आणि ध्वनिवर्धकातून आलेला आवाज पुरेसा आहे.

नव्या नेपथ्यकाराचे प्रत्युत्तर

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. क्रमाचा कागद मी आज लिहून काढला आणि अंधाराची सर्व ठिकाणे खरोखरच नाहीशी झाली. ओट्यामागच्या पायऱ्यांची कल्पना तर आमच्या सुतारकाम करणाऱ्या आजोबांना इतकी आवडली की त्यांनी लगेच मापे घेतली. दोन शंका उरल्या आहेत. दूधशाळेच्या प्रवेशात दही, साय आणि पीठ एकमेकांवर उडवण्याचा गोंधळ आहे. त्यानंतर रंगमंच निसरडा होईल याची मला भीती वाटते. आणि पडदे मी कापसाच्या कापडावर घरीच रंगवणार आहे. रंग कोणता घ्यावा आणि आगीपासून संरक्षणाचे काय करावे?

उत्तर ४ (लेखिका: कुंचला आणि बादली)

मी येथे पडदे रंगवते. प्रथम आगीबद्दल, कारण त्यात तडजोड नाही. १८८७ मध्ये एक्झिटरच्या थिएटर रॉयलमध्ये गॅसच्या ज्योतीने नेपथ्याला आग लागून १८६ माणसे मरण पावली, आणि आजचे ब्रिटिश नाट्यगृहांचे कडक नियम अशा अनुभवांतून आले आहेत. पडद्याचे कापड विकत घेतानाच ते ज्वालारोधक असल्याचे प्रमाणपत्र मागा. लटकणाऱ्या कापडासाठी ब्रिटिश स्टँडर्ड ५८६७, भाग २, प्रकार बी हा उल्लेख त्यावर असतो. साधे कापड घेऊन घरी द्रावण फवारण्याचा मार्ग आहे, पण बहुतेक द्रावणे पाण्यात विरघळणाऱ्या क्षारांची असतात आणि धुतल्यावर किंवा फार ओले झाल्यावर त्यांचा परिणाम जातो. सभागृहाच्या व्यवस्थापनाला प्रमाणपत्रे आधीच दाखवून ठेवा.

गुंडाळीच्या पडद्यावर रंग पातळच हवा. पूर्वी येथे प्राण्यांच्या सरसात भुकटीचे रंग कालवून पडदे रंगवत. आता पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग वापरतात. ते दाट लावले तर गुंडाळताना भेगा पडतात आणि तिसऱ्या प्रयोगापर्यंत आकाशाचे तुकडे जमिनीवर सांडतात. कापड ताणून बसवा, आधी पातळ अस्तर द्या आणि मग मोठे आकार हातभर लांब दांडीच्या कुंचल्याने उभ्याने रंगवा, म्हणजे तुम्हाला चित्र प्रेक्षकाच्या नजरेने दिसेल. प्रकाश एकाच बाजूने येतो असे ठरवून सर्व सावल्या त्याच बाजूला पाडा. पडद्याचा खालचा २ मीटरचा भाग शांत ठेवा: तेथे नट उभे राहणार, आणि डेमच्या ठिपक्यांच्या झग्यामागे तुम्ही बारीक फुलांची बाग रंगवली तर दोन्ही हरवतील. तुमची हौस छपरांवर, झाडांच्या शेंड्यांवर आणि ढगांवर पुरी करा.

दूधशाळेच्या गोंधळासाठी जाड, न घसरणारी, कडा उचललेली ताडपत्री दगडी फरशीसारखी रंगवून आधीच अंथरा. प्रवेश संपताच फ्रंट क्लॉथ खाली येईल तेव्हा चार माणसांनी चारही कोपरे आत घेऊन ती सगळ्या सांडलेल्या पदार्थांसकट गुंडाळून विंगेत ओढावी. खऱ्या दह्याऐवजी पाण्यात फेसलेला दाढीचा साबण वापरला तर वास येत नाही, कपडे सहज धुतले जातात आणि तुमच्या पडद्यावर उडालेले शिंतोडे ओल्या फडक्याने निघतात. मात्र तो डोळ्यांना झोंबतो, म्हणून चेहऱ्यावर मारायचे असल्यास नटांना आधी विचारा.

उत्तर ५ (लेखक: विंगेतला माणूस)

एक राहून गेले. परी नेहमी रंगमंचाच्या उजव्या बाजूने येते आणि खलनायक डाव्या बाजूने. ही उजवी-डावी बाजू प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाची आहे, त्यामुळे प्रेक्षकांना परी त्यांच्या डाव्या हाताला दिसेल. दोन्ही बाजूंना दर्शनी पडद्याच्या पुढे एक-एक पावलाएवढी जागा मोकळी सोडा, परीसाठी गुलाबी आणि खलनायकासाठी हिरवा स्पॉट तेथे नेमून ठेवा, आणि वेलीची चौकटीवरून येणारी फांदी परीच्या बाजूने काढा. नाहीतर खलनायकाला हुर्यो करण्यासाठी मुले उठून उभी राहतील तेव्हा तुमची फांदी त्याच्याच डोक्यावर लोंबत असेल.